रूट म्हणजे नेमकं कुठलं

सरांनी माझं वाक्य मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. माझ्या गावाकडच्या हेलात.

"ज्या फोल्डरात प्रोग्राम बसवलाय, त्याला प्रोग्रामचं फोल्डर म्हटलं हाय."

मी 'आहे' लिहिलं होतं. त्यांनी 'हाय' वाचलं.

मग म्हणाले, "मॅडम, ही माहितीपुस्तिका मेंढरांना वाचून दाखवायचीय का?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून सलतं.

मी जतकडची. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. सांगलीतल्या या कंपनीत मी वेब प्रोग्रामच्या पुस्तिका लिहायचे. आमचा प्रोग्राम जनावरांच्या लसीकरणाच्या नोंदी ठेवायचा. जुन्या पुस्तिकेत 'रूट', म्हणजे मूळ फोल्डर, हा एकच शब्द दोन फोल्डरांसाठी होता. पान चारवर प्रोग्रामचं फोल्डर. पान नऊवर नोंदींचं. म्हणून मी दोन्हींना वेगळी नावं दिली होती, पुढं प्रत्येक फोल्डरचा कॉम्प्युटरवरचा पूर्ण पत्ताही लिहिला होता. सरांनी सगळं खोडलं.

"रूटच ठेवा. प्रोफेशनल दिसतं."

मी गप्प बसले. पुस्तिका तशीच गेली.

महिन्याभरानं रहिमतपूरकडच्या एका पशुपालक संस्थेतून फोन आला. तिथली कारकून बोलत होती.

"आवं ताई, रूट रिकामं करून नवा प्रोग्राम टाका, आसं पान चारवर लिवलंय. रूट कुठलं म्हणून मी पान नऊवर बघितलं. तिथलं फोल्डर रिकामं केलं. दोन वर्साच्या नोंदी गेल्या. सायेब म्हणत्यात, उद्यापास्नं येऊ नगंस. माझं काय चुकलं?"

मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही."

सरांना सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"रिपोर्टमध्ये लिहा, वापरणाऱ्याची चूक. खेड्यातल्या बायकांच्या हातात कॉम्प्युटर दिला की हेच होणार. लिहा आणि सही करा."

चार वर्षं त्या ऑफिसात मी जीभ सांभाळून बोलत होते. त्या दिवशी सांभाळली नाही.

"न्हाई लिवणार. चूक तिची न्हाई, सर. आपला शब्द चुकलाय. मला म्हाईत हुतं, तरी मी गप बसले."

या वेळी कुणी हसलं नाही.

रिपोर्ट मी लिहिला. दोन्ही पानं जोडली. एकाच शब्दानं दोन जागा दाखवल्या, हे स्पष्ट लिहिलं. एक प्रत तिच्या संस्थेला पाठवली.

तिची नोकरी राहिली. नोंदी गेल्या त्या गेल्याच. माझ्याकडून पुस्तिकांचं काम काढून घेतलं, ग्राहकांचे फोन घ्यायला बसवलं. दिवसभर तीच विचारणा, 'रूट म्हणजे कुठलं?' प्रत्येकाला मी फोल्डरचा पूर्ण पत्ता सांगते, पेन्सिलीनं समासात लिहून घ्यायला लावते. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. दमले आहे मी.

कंपनी मला ठेवेल, नाहीतर काढेल. पण आमच्या शब्दाचं खापर वाचणाऱ्याच्या डोक्यावर फोडणाऱ्या कागदावर माझी सही होणार नाही.