उजवीकडचं बटण

खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून बाहेर आलो, तर देवघरापुढच्या पाटावर बाबांच्या हत्यारांशेजारी माझा व्हिडिओ गेम मांडलेला. कानस, हातोडी, नट आवळायचे दोन पाने, घरातली विळी, कात्री आणि रांगेत शेवटी तो राखाडी, हातात धरून खेळायचा जुना डबा. सगळ्यांना हळद-कुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. आईने कुंकू पाण्यात कालवलं होतं. गेमला तिने ते नेमकं उजवीकडच्या बटणावर लावलं होतं, तेही बोट चांगलं दाबून. लाल पाणी बटणाच्या कडेने आत उतरलेलं मला लांबूनच दिसलं.

"आई, अगं काय केलंस हे?"

"त्यांच्या कामाचं हत्यार हाय ना ते," आई म्हणाली. ती नामपूरकडची. लग्न होऊन चाळीस वर्षं नाशिकच्या सिडकोत राहिली, तरी तिचं बोलणं काही बदललं नाही.

मी बटण दाबून पाहिलं. खाली गेलं ते वर आलंच नाही. सणासुदीच्या दिवशी मी आईवर जे ओरडलो ते इथे लिहायची लाज वाटते. "साधी अक्कल नाही का" हे त्यातलं सौम्य वाक्य. बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे नुसते बघत राहिले.

बाबा ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. केसाएवढा फरक त्यांना बोटाने कळायचा, आणि तपासलेल्या प्रत्येक भागाच्या चिठ्ठीवर त्यांची सही असायची. निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं पुष्कळ सुधारलं. हात मात्र तसाच राहिला. उन्हाळ्यात बँकेत एका फॉर्मवर सही करायची वेळ आली, तेव्हा पेन बोटांतून तीनदा निसटलं. काउंटरवरच्या मुलीने चांगुलपणानेच शाईचा पॅड पुढे सरकवला. बाबांनी फॉर्म तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. म्हणाले, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय. तो मी सही करून देणार. अंगठा देणार नाही."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की अंगठ्याला सतत काम हवं. चेंडू दाबायचा बाबांना कंटाळा येई. तेव्हा मला माळ्यावरचा हा गेम आठवला. मी आठवीत असताना मामाने दुबईहून आणलेला. त्याच्या कॅसेटी आम्ही फुंकर मारून चालवायचो. त्यातली वरून ठोकळे पडणारी एक कॅसेट अजून चालत होती. डाव्या अंगठ्याने ठोकळा सरकवायचा, उजव्याने फिरवायचा, ओळ भरली की ती नाहीशी होते. उजव्या अंगठ्याला याहून चांगलं काम कुठलं मिळणार, असं मला वाटलं, आणि माझ्या हुशारीवर मी जाम खूश झालो.

सामानही आणलं. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून वर अडकवायचा दिवा आणि भिंग मागवलं. सेल दर आठवड्याला संपायचे, म्हणून चार्ज होणारे आणले. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात त्या दिवशीच्या गुणांचा आकडा लिहायची पद्धत सुरू केली. संध्याकाळी ऑफिसातून आलो की चप्पल काढता काढता विचारायचो, "आज किती?" बाबा आकडा सांगायचे, आई लिहायची. आकडा वाढला की मी म्हणायचो, बघा, अंगठा सुधारतोय. कमी झाला की म्हणायचो, "एवढेच? आज मन नव्हतं वाटतं." रविवारी मी घरी असायचो, पण रविवारी बाबा खेळत नसत. "कारखान्यालाही रविवारी सुट्टी असते," म्हणायचे.

पावसाळाभर आकडे वाढत गेले. नोव्हेंबर आता महिन्यावर आला होता, आणि नेमकं हे कुंकू.

दसऱ्यानंतर मी गेम घेऊन एमजी रोडला गेलो. पहिल्या मोबाइलवाल्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारच्याला हाक मारली, "ए, हे बघ काय आलंय!" दुसरा म्हणाला, "दादा, शोकेसमध्ये ठेवा याला." तिसऱ्याने उघडायचा प्रयत्न केला, पण स्क्रूच्या डोक्याला तीन पाकळ्यांची खाच होती, आणि तसा स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे नव्हता. मी ऑनलाइन मागवला. आला तो चार खाचांचा. परत केला. दुसरा आला तो इतका जाड की भोकात शिरेना. तेवढ्यात चिडून मी नवा गेमच विकत घेतला, रंगीत, मोठ्या पडद्याचा. त्याने आधी वायफाय मागितलं, मग ईमेल, मग पासवर्ड, मग दीड तास अपडेट. एवढं होऊन बाबांच्या हातात दिला, तर तो त्यांच्या उजव्या हातातून घसरून मांडीवर पडला. "जड आहे रे," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. नव्या खोक्यावर चिडलो, जुन्यावर चिडलो, आणि फिरून फिरून आईवर आलो.

बाबा दोनदा म्हणाले, "बघू, आण इकडे." मी म्हणालो, "तुम्ही राहू द्या. आणखी काहीतरी मोडेल." चाळीस वर्षं हत्यार हाताळलेल्या माणसाला मी हे बोललो.

कार्तिक लागला तरी गेम बंदच. कॅलेंडरवरचे चौकोन रिकामे. एका रविवारी आई भाजी आणायला गेली होती आणि मी त्या स्क्रूशी झटत होतो. बाबा खुर्चीतून म्हणाले, "जुनं बॉलपेन घे. रिफिल काढ. नळीचं टोक मेणबत्तीवर मऊ कर आणि स्क्रूवर दाबून धर. गार झालं की फिरव."

"असं कुठे होतं का?"

"कर तर."

झालं. प्लॅस्टिकने खाचेचा साचा घेतला आणि स्क्रू मऊपणे फिरला. महिनाभर मी ज्या हत्यारासाठी नाशिक पालथं घातलं, ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. बाबा हसलेही नाहीत, पुढचं सांगत गेले. झाकण सरळ उचल, वायरी ओढू नकोस, बटणाखालचं रबर काढ, खालची पट्टी कापसाला स्पिरिट लावून पूस. कापूस गुलाबी झाला. गेम परत बंद केला, कॅसेटमध्ये सवयीने फुंकर मारली, सेल घातले. ओळखीची धून वाजली आणि मला इतका आनंद झाला की मी गेम बाबांच्या दोन्ही हातांत ठेवून समोर बसलो.

"खेळा. मला बघू दे."

"आई येऊ दे," बाबा म्हणाले.

"आई कशाला? खेळा ना."

ठोकळे पडायला लागले. डावा अंगठा सराईतपणे त्यांना इकडेतिकडे नेत होता. उजवा बटणावर नुसता ठेवलेला. एक लांब ठोकळा उभाच खाली आला, त्यावर दुसरा उभा. बाबांच्या कपाळावर घाम आला. उजव्या दंडाची शीर ताठली, अंगठा मात्र जागचा हलला नाही. थोड्या वेळात ढीग वरपर्यंत पोचला आणि डाव संपला. आकडा इतका छोटा होता की पहिल्या आठवड्यानंतर कॅलेंडरवर तेवढा कधीच लिहिला गेला नव्हता.

"मग एवढे दिवस..." मी म्हणालो.

दार वाजलं. आई पिशवी घेऊन आत आली, बाबांच्या हातातला गेम पाहिला, माझा चेहरा पाहिला. तिने पिशवी ओट्यावर ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि बाबांच्या उजव्या अंगाला स्टूल ओढून बसली. बाबांचा अंगठा तिने हळूच बाजूला केला, आपला ठेवला. दोघांनी मिळून डाव सुरू केला. ते एकमेकांशी बोलत नव्हते. ठोकळा वरून निघाला की आई फिरवायची, बाबा सरकवायचे. भराभर ओळी जात होत्या.

"मला सांगायचं तरी होतं," मी म्हणालो. रागाने बोलायला गेलो, पण आवाज रडवेला निघाला.

"पहिले आठ दिवस एकटाच खेळलो," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "आकडा कमी आला की तू रागवायचास."

"मी रागवायचो?"

"लय," आई म्हणाली.

मला बटणावरचं ते कुंकू आठवलं. मी तिची अक्कल काढली होती, आणि ती ऐकून घेत उभी राहिली होती.

नोव्हेंबरात आम्ही तिघं बँकेत गेलो. बाबांनी पेन मागितलं, एकदा प्रयत्न केला, आणि स्वतःच पॅड जवळ ओढला. उजवा हात डाव्याने उचलून पॅडवर ठेवायला लागले, तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, डावा. पुरुषांचा डावा घेतात, बायकांचा उजवा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना, आणि मग बाबाही हसायला लागले. मुलीला कळेना काय झालं. बाबांनी डावा अंगठा शाईत टेकवून कागदावर दाबला. ठसा स्वच्छ उमटला, एक रेघ फाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो. दारात चप्पल काढली आणि सवयीने तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. आत डाव चालू होता. तो संपेपर्यंत मी दारातच उभा राहिलो.