सर रोबो झाले ती दुपार

वानखडे सरांची माझी पहिली ओळख त्यांच्या नाराजीतूनच झाली. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी नवा रुजू झालो होतो. कार्यशाळेत पाऊल टाकताच सरांनी विचारलं, "मास्तर, चपला घालून मशीनपाशी येऊन राहिले?" दुसऱ्या दिवशी मी बूट घेतले. तेव्हापासून मी त्यांचा सहकारी कमी आणि विद्यार्थीच जास्त आहे.

सरांच्या साठीनिमित्त त्यांच्या कार्यावर लिहा, असं गौरवअंकाच्या संपादकांनी सांगितलं. खरं सांगायचं तर मी थकलो आहे. रोबो स्पर्धेचा संघ सांभाळून आणि वर पाठवायचे कागद रंगवून जीव मेटाकुटीला आला आहे. सरांच्या कार्याचा आढावा इतर मंडळी घेतीलच. मी एका दुपारचं तेवढं लिहितो.

अकोल्याची स्पर्धा चार दिवसांवर आली होती. मैदानातले खांब चुकवत रोबोनं छोटी बादली उचलून न्यायची होती, आणि तो चालवणार होती आमची विद्यार्थिनी, दर्यापूरची स्नेहा. रिमोटवरची बटणं मी ठरवली होती आणि कागदावर ती चोख होती. पण रोबोचं तोंड तिच्याकडे झालं की त्याचं डावं-उजवं उलटं व्हायचं आणि ती तो हमखास खांबावर आदळायची. तिसऱ्यांदा रोबोचा हात मोडला तेव्हा मी वैतागून म्हणालो, "उद्यापासून दुसरं कोणी चालवेल." तिनं रिमोट टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून उभी राहिली.

सर कोपऱ्यात कानशीनं लोखंड घासत होते. गुडघ्यावर हात टेकत ते उठले, बंद रिमोट तिच्या हातात दिला आणि समोर उभे राहिले. "पोरी, आता मी रोबो आहो. मले चालव. बटनं विसर, मनाले येईन तसे बोटं हलव."

मे महिन्याची दुपार, कूलर बंद, आणि सर बादली घेऊन तासभर तिच्या अंगठ्याच्या इशाऱ्यावर चालत होते. पोरं आधी हसली, मग वह्या काढून टिपू लागली. सरांचं तोंड कुठेही असो, त्यांना जिकडे न्यायचं तिकडेच तिचा अंगठा जात होता. बादली उचलायच्या वेळी तर्जनी आपोआप मिटत होती.

घामाघूम होऊन सर स्टुलावर बसले. "पोरगी चुकून नाही राहिली, मास्तर. तुमचे बटनं चुकून राहिले. तिले काहून बदलता?"

मला रागच आला, तरी त्या रात्री बसून मी रोबोचा सगळा प्रोग्राम तिच्या बोटांप्रमाणे पुन्हा लिहिला. अकोल्यात स्नेहानंच रोबो चालवला. आम्ही तिसऱ्या फेरीत हरलो. खांबाला मात्र एकदाही धक्का लागला नाही.

स्नेहाची माफी मी कधी मागितली नाही. सरांनीही कधी तो विषय काढला नाही. आज ती माफी इथे, सर्वांसमोर मागतो.

विद्यार्थी चुकला की आधी आपलं काम तपासावं, हे सरांनी शिकवलं. दमल्यावर ते रोज जमत नाही. सर, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. माझा तोल पुन्हा जाणार आहे, आणि त्या दिवशी मला अडवायला आपण हवे आहात.