प्लग काढा, हे लिहायचं राहिलं

आठवीत शाळा सोडून मी कोकणातून धुळ्याला आलो. इथल्याच एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकलो. पुढे एका साप्ताहिकानं वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सांगितलं. माझ्यासारख्या कमी शिकलेल्यावर एवढा विश्वास टाकला, ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून तर प्रत्येक उत्तर चारदा वाचायचो.

सोनगीरच्या एका नानांनी विचारलं होतं, कॉम्प्युटर फार घरघरतो, काय करू? मी लिहिलं, डबा उघडा आणि ब्रशने आतली धूळ काढा. अंक वाटून झाल्यावर चहा पिताना आठवलं, आधी प्लग काढा हे लिहिलंच नाही! शॉक बसला तर? नानांचा फोन नंबर नव्हता आणि संपादकांना सांगायची हिंमत होईना. मिळेल ती एसटी धरली.

नानांच्या दारात चपलांचा ढीग दिसला. वाटलं, नाना गेले. आत मात्र माणसं नानांचं छापलेलं नाव बघायला जमली होती.

"उघडला नाही ना, नाना?"

"आज अमावस शे, भाऊ. अमावसले आमी औतले हात लावतस नही, मंग या डबाले कसा लावसूत?"

मी माझी चूक सांगून टाकली.

"गावले मी सांगस," नाना म्हणाले. "तुमना साहेबले तुमी सांगा."

अंक भडगावपर्यंत गेला होता, आणि तिथं कोण अमावस्या पाळतं, मला काय ठाऊक? मी संपादकांचा नंबर लावला.