अकरा गुण
खळ घातलेल्या पांढऱ्या कापडाचा वास आला की नर्सिंग कॉलेजातला पदवीदानाआधीचा आठवडा आठवतो आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. निकालात माझी खुलताबादची मैत्रीण पहिली होती, मी तिच्यापेक्षा अकरा गुणांनी मागं. पण सुवर्णपदकासाठी नाव लागलं माझं. मी धावत ऑफिसात गेले. क्लार्कनं नियमावलीवर बोट ठेवलं: सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात सुटलेले पाहिजेत. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या पेपरला ती आलीच नव्हती. त्या सकाळी तिच्या अब्बांना हार्ट अटॅक आला होता. पेपर तिनं सहा महिन्यांनी दिला. "गैरहजर म्हणजे नापासच," क्लार्क म्हणाले. दोन दिवस मी प्राचार्यांच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. पदक नको, असं ओठांवर यायचं, पण आईनं मुकुंदवाडीत गल्लीभर पेढे वाटलेले आठवून तिथंच विरायचं. शेवटी मैत्रिणीलाच विचारलं. ती म्हणाली, "पेपरला गेले असते तर अब्बांना दवाखान्यात कुणी नेलं असतं? तू घे गं, लई विचार नको करू." मी घेतलं. माझं नाव पुकारल्यावर सभागृहात सगळ्यांत आधी उभे राहिले ते तिचे अब्बा, आणि टाळ्या वाजवत राहिले. आता मी त्याच कॉलेजात शिकवते. नियम बदलावा म्हणून तीनदा अर्ज दिला, तीनदा नामंजूर झाला. चौथा कालच दिलाय.