भज्यांखाली बाबांचं आधार कार्ड

मंडळी, आज लाखांदूरला इतकी हसले की अजून पोट दुखून राहिलंय.

धानविक्रीच्या नोंदणीसाठी बाबांच्या आधार कार्डाची प्रिंट हवी होती. मी झेरॉक्सवाल्या ताईंना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पहिली प्रिंट तिरपी आली, दुसरी झकास. मग ताईंनी आमच्यासमोरच तो फोटो मोबाइलमधून आणि कॉम्प्युटरमधूनही मिटवला.

"तुमचं कार्ड माह्याजवळ कायले पायजे, बाबाजी?"

बाबा एकदम खूश. "बाई मोठी पक्की हाय!"

शेजारीच ताईंच्या नवऱ्याची भज्यांची गाडी आहे. बाबांनी गरम भजे घेतले. शेवटचं भजं उचललं, तर कागदावरून बाबाच बाबांकडे पाहत होते! तीच तिरपी प्रिंट. तेलात भिजलेली, पण आधार नंबर ठळक.

बाबा कागद घेऊन थेट ताईंकडे. "मोबाइलातला मी मिटवला, अन् भज्याखालचा मी तं बाकीच हाय!"

ताईंनी कपाळावर हात मारला. बिघडलेल्या प्रिंटा रोज गाडीवर जायच्या, पण त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी लगेच तिथला सगळा गठ्ठा उचलून आणला. बाबाही स्टुलावर बसून त्यांच्यासोबत एकेक कागद फाडू लागले.

नवरा म्हणाला, "मंग मी आता भजे कायवर देऊ?"

बाबा म्हणाले, "पळसाच्या पानावर दे. त्याच्यावर कोनाचा नंबर नसते."

तुमची बिघडलेली प्रिंट कुठे जाते, कधी पाहिलंय का?