शेजारची सीट

रविवारचं मटणाचं जेवण अंगावर आलं की मधल्या खोलीतल्या कॉटवर माझं आडवं होणं ठरलेलं. डोळे मिटतायत. पंख्याचा आवाज लांब जातोय. बाहेर अंगणात माझी मुलगी देवयानी बादली सरकवत दादाची गाडी पुसतेय. आज ती ही गाडी घेऊन आंबा घाटापर्यंत जाऊन येणार आहे. "ऊन उतरलं की निघतो पप्पा," असं जेवताना म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'निघते' म्हणत नाहीत, 'निघतो'च म्हणतात. मी हूं म्हटलं. मनातून मला ते पटलेलं नाही, पण पोर ताटात रस्सा वाढत असताना बापाला नाही म्हणता येत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ रणधीर. त्यानं पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, दोनच सीटची, इंजिन पाठीमागं. आमच्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टरांमध्ये ती उभी राहिली की बघायला माणसं गोळा व्हायची आणि दादा मिशीवर हात फिरवत उभा असायचा. खंडेनवमीला घरातली हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजतात, तशी तीही पुजली. दादा मागचं झाकण उघडून इंजिनात ऑइल ओतत होता. वहिनी ताट घेऊन आल्या आणि हळदकुंकू वाहून त्यांनी भक्तिभावानं मूठभर अक्षता इंजिनावर टाकल्या. ऑइलचं तोंड उघडंच होतं. "देवाचा प्रसाद पोटात गेला, आता हिला मरण नाही," म्हणून दादा हसला.

त्याच थंडीत हायवेवर, कागलच्या अलीकडं, इंजिन जाम झालं. उघडलं तर ऑइलच्या जाळीला काळे कुळकुळीत, तळल्यासारखे तांदूळ चिकटलेले. हे दादानं वहिनींना कधी कळू दिलं नाही. सुटे भाग परदेशातून मागवायचे म्हणून त्यानं शिरोलीची जागा फुंकून टाकली, आणि इंजिन जुळून यायच्या आधी स्वतःच गेला. बसल्या जागी, छातीत कळ येऊन. गाडी परवा गॅरेजमधून घरी आली. दादाला मूलबाळ नव्हतं, देवयानीला गाडी शिकवली ती त्यानं. म्हणून पहिल्यांदा बाहेर काढायचा मान तिचा, असं वहिनीच म्हणाल्या.

बादलीचा आवाज थांबतो. पायाकडं कॉट दबते. कोणीतरी बसलंय.

"झोपलास व्हय रं?"

दादाच आहे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवटी आम्ही त्याला घातला तोच. तेव्हा गडबडीत वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते अजून तसंच आहे. तो मेलाय हे मला माहीत आहे. पण थोरल्या भावाला ते तोंडावर कसं सांगायचं, असा संकोच वाटतो.

"बस की," मी म्हणतो.

"बसलोयच. तू ऊठ. गाडी बघू या."

मी उठतो तर खोलीला भिंत नाही. गाडी स्वयंपाकघरात उभी आहे, ओट्याला लागून, आणि तिचं मागचं झाकण उघडं आहे. आत इंजिनाच्या जागी वहिनी मांडी घालून बसल्यात आणि सुपात तांदूळ निवडतायत. वहिनी जिवंत आहेत, वरच्या मजल्यावर झोपल्यात, हेही मला माहीत आहे. सुपातले तांदूळ काळे आहेत. त्या एकेक दाणा उचलतात, उजेडाकडं धरतात आणि परत त्यातच टाकतात.

"वहिनी, हे असं कसं निवडताय?"

त्या वर बघत नाहीत.

"तिला काय विचारू नको," दादा हळू आवाजात म्हणतो. "तिला म्हाईत न्हाई. एक राहिलाय."

"काय राहिलाय?"

"तांदूळ. सगळं काढलं म्हणत्यात गॅरेजवाले. एक राहिलाय आत."

हे तो ज्या सुरात सांगतो तो सूर मला आवडत नाही. पत्ते खेळताना हुकूम हातात दाबून ठेवला की त्याचा असा सूर लागायचा. मला म्हणायचं असतं की मग गाडी परत पाठवू, पण तोंडात काहीतरी कोरडं, टरफलासारखं आलंय आणि ते गिळेपर्यंत मी गाडीत असतो.

शेजारच्या सीटवर बसलोय. दादा चालवतोय. इंजिनाचा आवाज येत नाही. नुसतं चाकांखाली काहीतरी बारीक चिरडतंय, रस्त्यावर कोणी धान्य वाळत घातल्यासारखं. दोन्ही बाजूंना ऊस आहे, आमच्याकडं असतो त्याच्या दुप्पट उंच, आणि एकही पान हलत नाही. दादा मात्र खुशीत आहे. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारतोय. तो हात मला हवाहवासा वाटतो. वर्षभर मी त्या थापेसाठी तळमळलोय, कबूल करायला लाज कसली.

"कुठं निघालोय दादा?"

"मी निघालोय. तू उतरशील पुढं. तुला कुठं धड चालवता येती."

मेल्यावर तरी माणसानं टोमणे सोडावेत, असं माझ्या मनात येतं. ऊस संपतो आणि पंचगंगेचा घाट लागतो. गाडी पायऱ्यांवरून तशीच खाली उतरते, धक्का बसत नाही. पाणी काचेच्या खालच्या कडेला येऊन थांबतं.

"तिकडं लई कटाळा येतो रं," दादा समोर बघत म्हणतो. "गाडीतलं कळणारं एक माणूस न्हाई. सगळी आपली गप." मग तो माझ्यापुढं हात पसरतो. "किल्ली दे."

आई सांगायची, गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर त्याच्याशी बोलावं, रडावंसं वाटलं तर रडावं, पण त्यानं काही मागितलं तर द्यायचं नाही. माझ्या मुठीत किल्ली आहे हे मला आत्ता कळतं. मूठ मी मांडीखाली दाबून धरतो.

"नाही देणार."

"का? गाडी माझी हाय."

"तू गेलास दादा."

एवढं बोलल्यावर मला रडू येतं. तो रागावत नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसती मान हलवतो, लहान भावाचा हट्ट पुरवावा तशी.

"बरं, ऱ्हाऊ दे. मी शेजारी बसतो. चालवणारी हायच की."

मी गाडीच्या बाहेर आहे, गुडघाभर पाण्यात. स्टिअरिंगवर देवयानी आहे. केस मागं बांधलेत, घड्याळ काढून समोर ठेवलंय, दादानं शिकवलं तसं. मी काचेवर हात आपटतो, तिला ऐकू जात नाही. शेजारच्या सीटवर दादा पट्टा लावून घेतोय, सावकाश, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसासारखा.

"दादा, पोर आहे ती. तुझ्या मांडीवर वाढलीय."

"म्हणूनच की."

आता मला खरी भीती वाटते. मी दादाच्या बाजूच्या उघड्या काचेतून हात घालून त्याचा शर्ट धरायला जातो. तोच माझा हात पकडतो. त्याचा तळवा गरम आहे आणि तेलकट. आपला तळवा तो माझ्या तळव्यावर घट्ट दाबतो, घासतो.

"सांगितलं न्हाईस असं नंतर म्हणू नको," तो म्हणतो. "आंबा घाटात, वरच्या वळणाला. इंजिन जाम हुईल, मागची चाकं धरतील. भिऊ नको. मी असणार हाय तिच्याजवळ."

"पप्पा, निघालो मी."

हा आवाज पाण्यातून येत नाही, अंगणातून येतो. मी डोळे उघडतो. पंखा फिरतोय. उन्हाचा पट्टा कॉटपर्यंत आलाय. ओ द्यायला तोंड उघडतो तर उजवा तळवा दिसतो. काळ्या ऑइलनं माखलाय, आणि त्या काळ्यात सोन्याचा चुरा मिसळावा तसं बारीक बारीक चमकतंय. मी त्या गाडीला आजवर हात लावलेला नाही. याच हातानं जेवलोय, साबण लावून धुतलाय.

बाहेर इंजिन सुरू होतं.

मी अनवाणी धावतो. देवयानी गाडी मागं घेतेय, फाटकाकडं. मी फाटकात उभा राहतो. ती ब्रेक दाबते आणि वैतागून काच खाली करते.

"काय पप्पा हे? मध्येच काय उभे राहताय?"

"उतर."

"अहो, सगळं तपासून दिलंय गॅरेजवाल्यांनी."

"उतर म्हणतो ना."

या आवाजात मी तिच्याशी कधी बोललेलो नाही. ती उतरते. मी तळवा पुढं करतो. ती अंगठा त्यावरून फिरवते, उन्हाकडं धरते, आणि तिचा चेहरा उतरतो. ऑइलमध्ये असं चमकायला लागलं की आत बेअरिंग झिजतंय, हे तिला दादानंच शिकवलेलं.

"झाकण कधी उघडलंत तुम्ही?" ती विचारते. मी तळवा मिटतो. ती गाडी बंद करायला आत वाकते. मी तिचं मनगट धरतो.

"राहू दे चालू."

"पप्पा, इंजिन जाईल."

"जाऊ दे."

ती हात सोडवायला बघते. मी सोडत नाही. जरा वेळ गाडी नीट चालते, इतकी नीट की मला स्वतःचीच लाज वाटायला लागते. मग आतून एक टकटक सुरू होते. टकटकीची खडखड होते. वहिनी वरच्या गॅलरीत येऊन उभ्या राहतात, झोपेतून उठून, केस सुटलेले.

"काय झालं भावजी? असा का आवाज येतोय तिचा?"

काय सांगू त्यांना? त्यांच्या नवऱ्यानं मरेपर्यंत झाकलेलं मी अंगणात उभं राहून उघडू? दादा, ही घे तुझी गाडी, मी मनात म्हणतो. एवढीच घे. माझे डोळे भरून येतात आणि मला त्या माणसाचा भयंकर राग येतो. इंजिन एकदा जोरात ओरडल्यासारखं करतं, सबंध गाडी हादरते आणि बंद पडते. अंगणात जळक्या ऑइलचा वास सुटतो.

"बंद केलीत का?" वहिनी विचारतात.

"हो," मी म्हणतो.

देवयानीचं मनगट आता सोडतो. माझा तळवा कोरडा आणि स्वच्छ आहे. ते काळं आणि सोनेरी सगळं तिच्या मनगटाला लागलंय, बोटांच्या वळांसकट. ती ते ओढणीनं पुसतेय, पुन्हा पुन्हा पुसतेय, आणि ते निघत नाही.