मागं राहणारा सायकलवाला

आमच्या हडपसरच्या सोनबाइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचं अर्धं आयुष्य सायकलवर गेलं. पहाटे पालेभाजीच्या पाट्या लादायच्या आणि मार्केट यार्ड गाठायचं. वाटेत चहाला थांबला, की सायकलचं सीट काढून काखेत धरायचा आणि मगच हॉटेलात शिरायचा. बिनसीटाची सायकल कोण नेतंय? एकदा सीट बाकावरच विसरला आणि उभ्याउभ्या पायडल मारत घरी आला. हॉटेलवाल्यानंच ते दडवलं, असं अजून सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या बायकोच्या, मुक्ताबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. मग दोघं सकाळी कालव्याकडेच्या अरुंद वाटेवर जाऊ लागले. तिथं चालणारेही असतात नि सायकलवालेही. सोनबा सायकल हातात धरून चाले, मुक्ताबाई कॅरियरचा आधार घेत.

एक दिवस सोनबा माझ्याकडं आला. आवाज बारीक.

"एक माणूस आमच्या मागावर हाय. बॅटरीची सायकल, आवाज न्हाय. आम्ही हळू झालो की त्यो हळू. थांबलो की थांबतोय. हिच्या बोरमाळंवर डोळा हाय त्याचा."

दुसऱ्या दिवशी बोरमाळ डब्यात गेली. तरी माणूस मागंच. तेव्हा सोनबाला वाटलं, ह्याचा डोळा आपल्या शेतजमिनीवर. बिल्डरनं पाठवलेला असणार. त्यानं फिरणंच बंद केलं. चार दिवसांत मुक्ताबाईंचा गुडघा सुजला.

"भावजी, तुमीच सांगा," त्या मला म्हणाल्या. "ह्यांच्या संशयापायी मी खाटंवर पडू का?"

पाचव्या दिवशी मीही बरोबर निघालो, साक्षीदार म्हणून. पहिलं वळण घेतलं आणि सोनबा पुटपुटला, "आला." मागं वळून पाहतो तर खरंच कुणीतरी दहा हातांवर रेंगाळत होतं. मीही जरा सोनबाच्या सायकलीआड सरकलो, खोटं कशाला बोलू.

सोनबानं एकदम सायकल वाटेत आडवी घातली. मागच्यानं करकचून ब्रेक दाबला, चाक घसरलं, एक पाय कसाबसा जमिनीला टेकला. हेल्मेट निघालं तर आतून माझ्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ.

"रस्ता अडवायचा होता, तर आदल्या दिवशी कळवायचं," ते शांतपणे म्हणाले. "मी सवडीनं पडलो असतो."

"आठ दिस मागं मागं काय फिरताय?"

"मग काय करू? मी यज्ञेश्वर. जन्म शनिवार पेठेतला, आता लेकीकडे समोरच्या सोसायटीत असतो. वडीलधाऱ्या माणसांच्या पाठीशी घंटी वाजवणं आमच्या घरी उद्धटपणा समजतात. आपण बाजूला व्हाल म्हणून वाट बघत होतो. आठ दिवस."

"आमच्या पाणंदीत मागून येणारा लांबूनच खाकरतो," सोनबा म्हणाला. "गुपचूप येणाऱ्याला आमी चोर म्हणतो."

मला हसू आवरेना. मुक्ताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना चालायचं होतं.

"दादा, तुमी लांबूनच एकदा घंटी वाजवा, मी डावीकडं सरते. अगदी पाठीशी येऊन वाजवू नका, दचकून पाय मुरगळायचा. आन् तुमी," त्या नवऱ्याकडं वळल्या, "सायकल आडवी घालायची न्हाय. हे पडले असते म्हंजे?"

यज्ञेश्वर मागं गेले, लांबून दोनदा घंटी वाजवली, मुक्ताबाई डावीकडं सरल्या. ते हळूच पुढं निघाले आणि जाताना मान लववली.

"लई गोड बोलला," सोनबा त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाला. "आन् घंटी दोनदा का वाजवली असंल? कुणाला खूण असंल का?"

उत्तरासाठी मी मुक्ताबाईंकडं पाहिलं, तर कॅरियर सोडून त्या एकट्याच पुढं गेल्या होत्या, पार पुढच्या वळणापर्यंत. सोनबा सायकल ढकलत लगबगीनं त्यांच्या मागं निघाला.